मुंबईला नको म्हणालो तो मी

आमच्या घरात एक गोष्ट सांगितली जाते. माझ्या मोठ्या मुलाला लहानपणीच मुंबईला नेलं असतं तर तो नीट बोलला असता, पण त्याच्या आईनं नेऊ दिलं नाही. खेड्यातली बाई, डॉक्टरांवर भरवसा नव्हता, पोराला डोळ्याआड करायला तयार झाली नाही. ही गोष्ट माझ्या सुनांना माहीत आहे, नातवंडांना माहीत आहे, आणि पुतण्यांनी ती आपापल्या घरी नेली आहे. ती खोटी आहे. ती मी रचली. बायको आता नाही. मी नव्वदीला आलो. तेव्हा काय झालं ते लिहून ठेवतो.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात मराठी शिकवत होतो. पुण्यात शिकून आल्यामुळं माझी भाषा आमच्या पेठेतल्या लोकांपेक्षा वेगळी झाली होती आणि त्याचा मला फार अभिमान होता. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धांची मुलं मी तयार करायचो. ‘श’ आणि ‘ष’ वेगळे म्हणून दाखवताना वर्गात पेन्सिल पडली तरी मला राग यायचा.

बायको कागलच्या पलीकडच्या खेड्यातली. ‘हाय’, ‘न्हाय’, ‘व्हय’ म्हणणारी. आमच्याकडच्या बायका बोलतात तशी ती ‘मी आलो, मी गेलो’ म्हणायची. मी चारचौघांत तिला थांबवून वाक्य पुन्हा म्हणायला लावायचो. माझी आईही तसंच बोलायची. आईला सांगायची मला हिंमत नव्हती. बायकोला सांगायला हिंमत लागत नव्हती.

मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी त्याचं बोलणं कळत नसे. ‘आई’, ‘बाबा’, ‘मामा’ स्वच्छ यायचं. बाकी शब्दांचे नुसते मधले तुकडे. चिमणीला ‘इमी’, साखरेला ‘आअ’. रविवारी माझे शाळेतले सोबती चहाला यायचे. मी त्याला मधे उभा करून म्हणायचो, “म्हण, शिवाजी महाराज की जय.” तो काहीतरी ओरडायचा आणि आम्ही हसायचो. एक जण म्हणाला, “मास्तर, ह्याला वक्तृत्वाच्या ढालीला उतरवा. परीक्षक घाबरूनच ढाल देतील.” सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. पोरगाही आमची तोंडं बघून हसायचा. बायको स्वयंपाकघरातून येऊन त्याला उचलून आत न्यायची.

शेजारणींनी उपाय सांगितले. जिभेला वेखंड लावून झालं. पोपटानं टोचलेला पेरू खाल्ला की पोर घडाघडा बोलतं म्हणून शेजारच्या पिंजऱ्यातला उष्टा पेरू त्याला चारला. मग माझ्या आईनं पितळी थाळी घेतली, त्याच्या पाठीमागं उभी राहिली आणि लाटण्यानं दणकन वाजवली. पोरगा दचकून वळला.

“बगा! कान शाबूत हाईत की,” आई म्हणाली. “माजलंय नुसतं. आयतं समदं हातात मिळतंय, मग बोलतंय कशाला?”

आमच्याकडं मुलाचे कान असेच तपासत. थाळीला वळला की संपलं. मलाही ते पुरलं.

बायकोला पुरलं नाही. एका संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, “मी म्होरं बसून मोठ्यानं बोललं की त्येला समजतंय. पाठीमागनं नाव घेतलं तर न्हाई वळत. थाळीचं निराळं आन् बोलण्याचं निराळं हाय कायतरी.”

मी म्हणालो, “तुझ्या बोलण्याला तो वळत नाही, यात त्याची चूक नाही.”

ती मला न विचारता त्याला पेठेतल्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. त्याचा एक कान अधूनमधून वाहायचा, तेवढं निमित्त. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. मुलाला माझ्याकडं तोंड करून टेबलावर बसवलं, ते मागं गेले आणि हळू आवाजात त्याला हाक मारली, गोळी देऊ का विचारलं, साखर देऊ का विचारलं. तो माझ्या शर्टाच्या बटणाशी खेळत राहिला. त्यांनी टेबलावर हात आपटला तेव्हा वळला.

“मास्तर, ह्याला जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत,” ते म्हणाले. “जे ऐकू येत नाही ते तो बोलणार कुठून? मुंबईला कानाच्या डॉक्टरांना दाखवा. तिथं अशा मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. आत्ता न्या. शाळेच्या वयाचा झाल्यावर नेलात तर हाती थोडंच लागेल.”

मी म्हणालो, “डॉक्टर, मुलांना बोलायला शिकवूनच मी पोट भरतो.”

“मग हे तुम्हाला माझ्याआधी कळायला हवं होतं.”

बायको दाराशी उभी होती. तिच्यादेखत ते तसं बोलले, हे मला लागलं. त्याच वर्षी माझ्या विद्यार्थ्यांनी ढाल आणली होती. वक्तृत्वाच्या मास्तरचा मुलगा बोलायला शिकायला मुंबईला, असं गावात झालं तर मी वर्गात कोणत्या तोंडानं उभा राहणार, हे मी डॉक्टरांच्या पायऱ्या उतरतानाच ठरवत होतो. मुलाच्या कानाचा विचार त्या पायऱ्यांवर माझ्या मनात आला नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “मग कवा जायचं?”

“जायचं नाही. मी शिकवतो.”

“तुमाला सुट्टी न्हाई मिळाली तर मी जातो घेऊन. माझा भाऊ येतोय संगं.”

“‘जातो’?” मी म्हणालो. “आधी बाईसारखं ‘जाते’ म्हणायला शीक, मग मुंबईला जा. स्टेशनावर तिकीट मागशील तर लोक हसतील. तुझं ऐकून ऐकूनच पोराची जीभ बिघडली आहे.”

आई तिथंच वाती वळत होती. मग मी घरात नियम घातला. मुलाशी शुद्ध बोलायचं. येत नसेल तर बोलायचं नाही.

बायकोनं नियम पाळला. पूर्वी ती त्याच्यासमोर बसकण मारून, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून, शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलायची. तो आवाज मला गावंढळ वाटायचा. आता ती मी घरात नसल्याची खात्री करून, कुणी ऐकू नये म्हणून कुजबुजत बोलू लागली. कुजबुजलेलं त्याला काहीच पोचत नव्हतं. त्याच्या आईचा त्याला पोचणारा एकच आवाज होता, तो मी बंद केला. हे मला कळायला फार वर्षं गेली.

माझी शिकवणी सकाळी शाळेला जाण्याआधी असे. पोरगा पाटावर, पुढं साखरेची वाटी. मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं वळवायचो. “म्हण, साखर.” तो “आअ” म्हणायचा. वाटी मागं सरकायची. पुन्हा. पुन्हा. शेवटी मी वाटी उचलून फळीवर ठेवायचो आणि तो फळीकडं बघत रडायचा. पुढं पुढं साखरेऐवजी मी पट्टी आणून ठेवली.

काही महिन्यांनी त्यानं नवंच काढलं. मी शब्द म्हटला की तो माझ्या ओठांकडं टक लावून बघायचा आणि माझे ओठ हलले तसे हुबेहूब स्वतःचे हलवायचा. आवाज मात्र काढायचा नाही. ओठ रुंद करायचे ते रुंद, मिटायचे तिथं मिटलेले. मला वाटलं, हा मला वेडावतोय. वर्गातली उनाड मुलं माझ्या पाठीमागं अशीच तोंडं करायची. मी त्याच्या कानशिलात दिली. त्यानं पुन्हा तसंच केलं. बहुतेक बरोबर जमलं नाही म्हणून मारलं असं त्याला वाटलं असावं, कारण दुसऱ्यांदा त्यानं ओठ जास्त काळजीपूर्वक हलवले. मी पुन्हा दिली. वाहणारा कान त्याच बाजूचा होता.

त्यानंतर तो माझ्यासमोर ओठ उघडेना. ‘बाबा’ म्हणायचाही थांबला. आई म्हणाली, “आता गप तरी बसतंय.”

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा हेडमास्तर घरी आले. माझ्या मुलाला सरळ नाही म्हणणं त्यांना जड जात होतं. त्यांनी विचारलं, “अहो, लहानपणीच कुणाला दाखवलं कसं नाही तुम्ही?”

बायको चहाचे कप ठेवत होती. मी म्हणालो, “डॉक्टरांनी मुंबईला न्यायला सांगितलं होतं. हिनं जाऊ दिलं नाही. खेड्यातली माणसं, काय बोलायचं?”

हेडमास्तरांनी तिच्याकडं बघून मान हलवली. तिनं कप नीट त्यांच्या पुढ्यात सरकवला आणि विचारलं, “साखर पुरेशी आहे ना?” एकही शब्द चुकला नाही. मी शिकवल्याप्रमाणं बोलली.

ते गेल्यावर ती भांडेल म्हणून मी वाट बघत राहिलो. तिनं कप विसळले. पुढं ही गोष्ट मी आईला सांगितली, भावाला सांगितली, सोयऱ्यांना सांगितली. दर वेळी ती सोपी होत गेली. आईला खरं ठाऊक होतं, पण तीही माझ्याचसारखं सांगू लागली. बायकोच्या तेराव्याला पंगतीत कुणीतरी म्हणालं, “बाई चांगली, पण पोराचं नुकसान केलं हो.” मी वाढप्याकडं भात मागितला.

मुलगा उशिरा का होईना, लिहा-वाचायला शिकला आणि पुढं शिरोलीच्या एका फौंड्रीत लागला. तिथल्या गोंगाटात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, सगळे खुणांनी बोलतात. तिथं त्याला मुका म्हणत नव्हते. पेठेत म्हणत. आता तोही रिटायर होऊन घरात असतो. समोरच्याचे ओठ बघून त्याला सगळं कळतं. माझ्याशी बोलण्याची वेळ तो येऊ देत नाही.

परवा दुपारी तो माझ्या खोलीत औषध ठेवायला आला. मी त्याला समोर बसायची खूण केली. तो बसला. मी सावकाश म्हणालो, “मुंबईला जायचं आईनं नाही अडवलं. मी...”

एवढं त्यानं ओठांवर बघितलं आणि मान खिडकीकडं वळवली. मी बोलत राहिलो. बोलता बोलता लक्षात आलं की मी खोलीत एकटाच ऐकतो आहे. पूर्वी मी त्याची हनुवटी धरून तोंड माझ्याकडं वळवायचो. हात अर्धा पुढं गेलाही. त्याला तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसला असावा, कारण त्यानं खांदा आखडून कान झाकला. साठी उलटलेल्या माणसानं.

मी हात मागं घेतला. तो उठून गेला. म्हणून हे कागदावर लिहिलं. सुनांनी वाचावं, नातवंडांनी वाचावं, पुतण्यांना वाचून दाखवावं. हा कागद मी त्याच्या हातात देणार नाही. फळीवर ठेवतो, तिथं आता त्याचा हात पोचतो.