आईच्या दशम्या आणि चुकार शेळी

माझ्या आईचा नैवेद्य देवीने नाकारला, असं त्या सकाळी मला वाटलं होतं.

मी भांडुपला राहतो. सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून डोंगरात जातो, आणि दोन दिवसांचं खाणं माझ्यासारखं कुणी भरत नाही हे मित्रही कबूल करतात. काकडी अख्खी न्यायची, कोथिंबीर ओलसर फडक्यात, चटणी कोरडी लसणाची, ओल्या खोबऱ्याला हात लावायचा नाही. म्हणून आईने हे काम सांगितलं तेव्हा मला काळजी वाटली नाही.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मी पदवीधर व्हावं म्हणून आईने गावाकडच्या गडावरच्या देवीला नवस केला होता: दुधात पीठ भिजवून स्वतःच्या हाताने केलेल्या गोड दशम्या. मग वर्षं गेली, तिचे गुडघे गेले. ऑपरेशन ठरलं तशी ती घाबरली. म्हणाली, "माझा नवस राहिलाय रे. त्याआधी तू फेडून ये."

स्टुलावर बसून तिने दशम्या केल्या. "गार होऊ दे, मग फडक्यात बांध," असं बजावलं. मला एसटी गाठायची होती, आणि हवाबंद डबा नवा होता. "आई, मला नको गं शिकवूस," म्हणत मी त्या गरमच भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गडाच्या अर्ध्या वाटेवर, डबा उघडला. दशम्या घामेजून चिकट झाल्या होत्या, आंबूस वास येत होता. देवीपुढे हे कसं ठेवू? आईला काय सांगू? डबा कातळावर ठेवून मी डोकं धरून बसलो. काही मागण्याचंही सुचलं नाही. फक्त देवीला म्हटलं, आता तूच बघ.

डबा खडखडला. एक शेळी दशमी खात होती. मागून एक बाई धापा टाकत आल्या.

"कालधरनं हुडकतेय हिला, आन् ही पाव्हण्याची न्याहारी खातीया!" मग त्यांनी डब्याचा वास घेतला. "गरमच कोंबल्यास व्हय रं? शिकलेला दिसतोस."

मला हसूही आलं आणि रडूही. सगळं सांगितलं.

"पीठ हाय?"

होतं. "लागलं तर," म्हणून आईनेच बांधून दिलेलं. गूळही होता.

"मग दूध आलंय की चालत. कालपासनं धार काढली न्हाय."

त्यांनी माझ्या पातेल्यात धार काढली. मी कणीक भिजवली, माझ्या छोट्या स्टोव्हवर दशम्या भाजल्या. "पण आईच्या हातच्या नाहीत," मी पुटपुटलो.

"आन् तू कुणाच्या हातचा रं?" एवढं बोलून शेळीला हाकत त्या उतरणीला लागल्या.

दशम्या गार होईपर्यंत मी या वेळी थांबलो. माध्यान्हीला गडावर देवीला नैवेद्य दाखवला.

घरी आल्यावर माझ्या चुकीसकट आईला सगळं सांगितलं. ती हसली, म्हणाली, "देवीच्या आधी शेळीला पोचला म्हणायचा नैवेद्य." त्यानंतर ऑपरेशनची भीती तिने पुन्हा बोलून दाखवली नाही. आता ती काठी न घेता स्वयंपाकघरात उभी राहते.

आजही खाण्याची पिशवी मीच भरतो, आणि चांगलीच भरतो. फक्त दशम्या फडक्यात बांधतो, आणि एक जास्त घेतो. ती कुणासाठी, हे मी ठरवत नाही.