फेर्मीनचं कडं

फेर्मीन ओलिव्हेन्सियाला मरणाची भीती नव्हती. आपल्याभोवती कडं होणार नाही, याची होती. शेवटच्या महिन्यात, इस्पितळात नाकात नळी घालून पडल्या पडल्या तो मला तेच तेच विचारायचा.

"बेतो, येतील ना रे सगळे?"

"न येऊन जातात कुठे!"

"फोनवर नको हं. फोनवरचा माणूस आलेला धरायचा नाही."

कडं ही आमच्या कॉलेजातल्या बंधुमंडळाची रीत. भाऊ गेला की बाकीच्यांनी हात एकमेकांवर आडवे टाकून, गुंफून, गोल उभं राहायचं. एकाने त्याचं नाव पुकारायचं आणि त्याच्या वतीने सगळ्यांनी ओरडायचं, "प्रेसेंते!" म्हणजे हजर. परक्या माणसांनी तेवढा वेळ पाठ करून उभं राहायचं. आमच्या बायकासुद्धा परक्याच.

मंडळ काढलं फेर्मीननेच. उत्तरेकडच्या त्या गारठलेल्या कॉलेजात घरी स्पॅनिश बोलणारी आम्ही मोजकीच पोरं. गोऱ्या पोरांच्या मंडळांना खांबांची मोठमोठी घरं होती. तिथे आम्हाला भांडी घासायचं काम मिळे, बसायला खुर्ची नाही. मग वसतिगृहाच्या तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्रांपाशी, आमचं मंडळ सुरू झालं. तिथे का, तर ऊब होती. एकाही भावाला नापास होऊ द्यायचं नाही, हा पहिला नियम. आणि घरून वाईट बातमी आली तर एकट्याने जाऊ द्यायचं नाही, हा दुसरा.

पुढच्याच वर्षी माझे वडील गेले. फेर्मीन परीक्षा सोडून माझ्याबरोबर बसने आमच्या घरी ब्राँक्सला आला आणि दिवसभर माझ्या आईच्या स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या कॉफीचे कप विसळत उभा राहिला. पहिला नियम त्याने स्वतःपुरता मोडला आणि त्या विषयात नापास झाला. त्याबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही.

नंतर तो पॅटरसन गावात एका शाळेत गणित शिकवू लागला. कुठल्याही भावाच्या घरी मयत झालं की गाडी काढायचा. शेजारी त्याची बायको मिग्दालिया, मांडीवर ओल्या तुरीच्या भाताचं पातेलं. कडं सुरू झालं की ती बिचारी पातेल्यासकट भिंतीकडे तोंड करून उभी.

"आटपलं का रे तुमचं? भात निवतोय," ती भिंतीलाच विचारायची.

बायकांना कड्यात घेऊ या, असं मी एकदा सुचवून पाहिलं, तर फेर्मीन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माणूस लाखातला, पण हट्टाला पेटला की गाढव परवडलं.

फेब्रुवारीत तो गेला. मी सगळ्यांना कळवलं. बर्फ नव्हतं, रस्ते मोकळे होते. एकाची मीटिंग निघाली, एकाचे गुडघे दुखायला लागले, एकाने दाराएवढं फुलांचं चक्र पाठवून दिलं. कॉलेजात आता मंडळात असलेल्या पोरांनी फोनवर मेणबत्तीचं चित्र पाठवलं. ज्यांच्या आईबापांना याने खांदा दिला, त्यांच्यापैकी एकालाही यावंसं वाटलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण आग पाखडायची कुणावर? शवपेटीपाशी भाऊ म्हणून मी एकटाच होतो.

"कुणाची वाट बघतोयस?" मिग्दालियाने विचारलं.

"कुणाची नाही."

"मग सुरू कर."

"एकट्याचं कडं कसं होणार? हात कुणाचा धरू?"

ती खुर्चीतून उठली. "माझा धर."

"अगं, पण नियम..."

"नियमवाला त्या पेटीत निजलाय. आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून ऐकलंय मी, सगळं पाठ आहे. उजवा हात वर, डावा खाली. धर."

आम्ही हात गुंफले. तिचे हात गार पडले होते. मयताला आलेली शेजारपाजारची माणसं काय करावं ते न कळून आमच्याकडे बघत राहिली. पाठ करून उभं राहायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"फेर्मीन ओलिव्हेन्सिया!" मी पुकारलं. पुढचा शब्द काही केल्या फुटेना.

"प्रेसेंते," मिग्दालिया म्हणाली. माझे हात न सोडता तिने रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली.

"तो आहे रे, बेतो. बाकीचे कुठायत?"