दुधनीच्या रस्त्यावर दिलेला हात

पाटीवर सिल्वासा, लोकांच्या तोंडी सेलवास. वापीकडून गावात शिरलो तेव्हा कंपन्यांची पाळी नुकतीच सुटली होती. मोटरसायकली डावीकडून जात होत्या, उजवीकडून जात होत्या, जमलं असतं तर आमच्या गाडीच्या टपावरूनही गेल्या असत्या. डोंबिवलीपासून मी दुचाकीवाल्यांच्या नावाने बोटं मोडत आलो होतो. शेवटी नीता, माझी बायको, म्हणाली, "मला बघायला तूही मोटरसायकलवरूनच आला होतास." मी ऐकू न आल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याकडेला उंबाडियुं (मडक्यात भाजलेले कंद आणि पापडीच्या शेंगा) खाल्लं, वर ताक प्यायलो आणि मधुबन धरणाचं पाणी बघायला दुधनीकडे निघालो. खानवेल मागे पडलं तसा सागाचा दाट पट्टा सुरू झाला. रस्ता अरुंद, वळणावळणाचा. एका वळणाआधी उजवीकडे झाडांतून पाणी चमकलं. मी गाडी हळू केली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि तो पुढे हलवत म्हणालो, "नीता, ते बघ!"

आरशात मात्र बघितलं नाही.

मागे एक मोटरसायकल होती. पुढच्याने वेग कमी करून हात असा हलवला की आपल्याकडे त्याचा एकच अर्थ होतो: रस्ता मोकळा आहे, जा पुढे. मोटरसायकलवाल्याने गाडी बाहेर काढली. तेवढ्यात वळणावरून टेम्पो आला. मोटरसायकलवाल्याने गाडी पलीकडच्या मुरमात घातली आणि मागे बसलेल्या बाईंसकट आडवा झाला.

समोरच्या चहाच्या टपरीवरचे चारपाच जण धावले. मीही धावलो, बाईंना हात देऊन उठवलं. त्यांचा गुडघा खरचटला होता, त्याच्या तळहाताची सालटं निघाली होती. भिकन त्याचं नाव, धुळ्याकडचा, इथल्या कंपनीत कामाला. बाई त्याची सासू, पहिल्यांदाच जावयाकडे आलेली. सुट्टीच्या दिवशी तो तिला पाणी दाखवायला निघाला होता.

"साहेबांनी हात दिला, म्हनून मी काढली," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मी? मी हात दिलाच नाही!"

वकिली करायची तर हे खोटं नव्हतं. हाताने मी नीताला पाणी दाखवत होतो. पण त्या क्षणी मला सगळं कळलं होतं आणि मी तोंड मिटून उभा राहिलो. भिकनने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. "मंग मनीच चूक व्हयनी," (मग माझीच चूक झाली) तो म्हणाला.

सासूबाई त्याच्यावर कडाडल्या, "कितला डाव सांगं तुम्हले, हळू चालाडा!" (किती वेळा सांगितलं तुम्हाला, हळू चालवा!) चारचौघांत जावयाला असं बोलणं म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या पुन्हा मोटरसायकलवर बसायला तयार होईनात. मग मी त्यांना आमच्या गाडीत घेतलं. सिल्वाशापर्यंत त्या माझं कौतुक करत होत्या: किती सावकाश चालवता, किती भले आहात. भिकन मागून येत होता, आणि आता मी दर मिनिटाला आरशात बघत होतो. नीता खिडकीबाहेर तोंड करून बसली होती.

भिकनच्या खोलीवर पोचल्यावर त्याने आधी आम्हालाच पाणी दिलं. मी पेला तसाच खाली ठेवला. मी सांगून टाकलं, "मावशी, हात मीच हलवला होता. मागे बघितलं नाही. यांची चूक नाही."

"जाऊ द्या ना साहेब," भिकन पुटपुटला.

सासूबाई मात्र जाऊ देणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "मी चार मानसेस्मा जवाईले बोलनू. तुम्ही बी तठेच जाई सांगा." (चार माणसांत मी जावयाला बोलले. तुम्हीही तिथेच जाऊन सांगा.)

तोंड दाखवायची इच्छा नव्हती, पण गेलो. टपरीवर सकाळचेच दोघेतिघे बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. टपरीवाल्याने शांतपणे चहा गाळला.

"हात तर आमी सगळ्यांनी बघितला होता, शेठ."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी गाडीवाले. तुमीच नाय म्हनले, तर आमी काय बोलनार?"

दुधनी राहूनच गेली. परतताना त्याच अरुंद रस्त्यावर आरशात एक मोटरसायकल दिसली. पुढे रस्ता मोकळा होता, पण हात बाहेर काढायचा मला धीर होईना. मी गाडी डावीकडे घेतली आणि थांबवली. तो शेजारून गेला, जाता जाता माझ्याकडे बघून मान हलवली. भला माणूस समजला असावा मला.