शाळेच्या छपरावरचे आठ भोपळे

पत्रेवाल्या काकू वाऱ्याला भ्यायच्या. एकोणीस वर्षं छपरं दुरुस्त करत असूनही ही गोष्ट त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. कोळ्यानं पाण्याला भ्यावं तसलाच प्रकार, लोक हसले असते. धंदा मूळचा नवऱ्याचा. एका वादळात गोदामाच्या छपराबरोबर तोही खाली आला, कंबर कायमची अधू झाली आणि काकू शिडी चढल्या. तेव्हापासून तो खाली दोर धरून उभा राहायचा आणि वर बघत सूचना देत सुटायचा.

त्या दिवशी सकाळीच शाळेच्या हेडसरांचा फोन आला. दुपारी वादळ धडकणार होतं. खालच्या वस्तीतली दीडशे माणसं शाळेच्या हॉलमध्ये यायची होती आणि छपरावरचे भोपळे खडखडत होते.

भोपळे म्हणजे पत्र्याचे गोल, फिरते पंखे. आतली कोंदट हवा ते बाहेर ओढतात. किनाऱ्यावरच्या त्या गावातली हवा इतकी दमट, की ते नसले तर पत्र्यांना आतून घाम सुटून खाली टपटप गळायला लागे. त्याच दमटपणानं त्यांचे स्क्रू खाल्ले होते. काकूंनी पहिल्या भोपळ्याला हात लावला, तर तो दुधाच्या दातासारखा हलला.

"अहो, हा तर हातानंच निघेल!"

"सगळे काढ आणि वर पत्रा ठोक," नवरा खालून ओरडला. "एक जरी उडाला तरी त्या भोकातून वारा आत घुसतो आणि अख्खं छप्पर उचलतो. माझ्या वेळी तेच झालं."

"पण सगळे बंद केले तर माणसं गुदमरतील हो," हेडसर म्हणाले. "म्हातारी आहेत, तान्ही पोरं आहेत."

शेवटी वाऱ्याच्या बाजूचे सहा काढून त्यांच्या जागी सपाट पत्रे बसवायचे ठरले. आडोशाच्या बाजूचे दोन चालू ठेवून, चारी बाजूंनी तारेनं आवळायचे. शेवटची तार पिळून काकू खाली उतरल्या. आभाळ शाईसारखं झालं होतं. घरी जायला वेळच उरला नाही, दोघं हॉलमध्येच थांबली.

वादळ आलं ते दात-ओठ खात. तासभर पत्रे थरथरले, पण हलले नाहीत. मग एकदम सगळं शांत झालं. लोक हुश्श करून पाय पसरायला लागले. काकू मात्र उठून उभ्या राहिल्या. चक्रीवादळाच्या मधल्या शांततेनंतर वारा उलट्या दिशेनं येतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणजे आता आडोशाची बाजू उघडी पडणार.

तसंच झालं. तार तुटल्याचा टणत्कार झाला आणि एक भोपळा नाहीसा झाला. भोकातून पाण्याचा लोट आत आला. त्या बाजूचे पत्रे वर उठून धाडधाड आपटायला लागले. पोरं किंचाळली.

काकूंनी भिंतीवरचा लाकडी सूचना फलक उखडला, दोन सतरंज्या काखेत मारल्या आणि भोकाखाली उंच घोडा, म्हणजे दुपाखी शिडी, लावला. नवऱ्यानं दोन्ही हातांनी घोडा धरला. वर वारा तोंडावर थपडा मारत होता. सतरंज्या भोकात कोंबायच्या, खालून फलक दाबायचा आणि तो छपराच्या लोखंडी पाइपांना तारेनं आवळायचा, एवढंच काम. पण बोटं ऐकेनात. तार दोनदा सुटली. आणि खालून नवऱ्याचा आवाजच नाही.

"अहो, बोला ना काहीतरी!"

"काय बोलू? चुकत नाहीयेस तू."

"मला भीती वाटतेय!" काकू जिवाच्या आकांतानं ओरडल्या. सगळ्या हॉलनं ऐकलं.

"आम्हाला काय इथं गुदगुल्या होतायत?" कोपऱ्यातून एक म्हातारी खेकसली. "बांध तू!"

दोन-चार जण हसले आणि उठून घोड्याला भिडले. घोडा डुलायचा थांबला. तिसऱ्या वेळी तार बसली. फलक धडधडत राहिला, कडेनं पाणी गळत राहिलं, पण पत्र्यांचं आपटणं कमी झालं. दुसरा भोपळा टिकेल का, याकडे डोळे लावून काकू संध्याकाळपर्यंत घोड्याच्या पायरीवरच बसून होत्या. तो वाकडा झाला, पण टिकला.

वारा पडल्यावर त्या बाहेर गेल्या. उडालेला भोपळा मैदानापलीकडच्या कुंपणाच्या भिंतीत कुऱ्हाडीसारखा रुतला होता. तो पाहिला आणि काकू चिखलातच बसल्या. नवऱ्यानं हात धरून त्यांना उठवलं.

आता त्या वारं सुटलं की सरळ सांगतात, "आज चढणार नाही, भीती वाटते." यावरून काही गिऱ्हाइकं तुटली. उरलेल्यांकडे त्या वादळाच्या दिवसांआधीच जातात, गंजके स्क्रू बदलतात, आणि प्रत्येक भोपळ्याच्या मापाचं झाकण कापून, वेळ आली तर भोक बुजवायला, त्याच घरात ठेवून येतात.