कडुबा कंडक्टर सीटवर बसले त्याची गोष्ट

उस्मानपुऱ्यात सध्या अशी बातमी आहे की कडुबा कंडक्टरनं राजस्थानात जाऊन एक एसी बस पळवली. पानटपरीवर ती नुसती पळवलेली असते. पिठाच्या गिरणीपर्यंत पोचते तोवर ती पाकिस्तानच्या हद्दीत शिरलेली असते. आणि कन्नडच्या आठवडी बाजारात तर लोक शपथेवर सांगतात की मिलिटरीनं कडुबांना दोन दिवस धरून ठेवलं, आणि तिसऱ्या दिवशी त्यांचं बोलणं ऐकून ऐकून हात जोडून सोडून दिलं.

हे सगळं खोटं आहे. बस कुणी पळवली नाही. जिथं जायची होती तिथंच ती गेली. फक्त मधे सतरा थांबे घेतले, आणि निघताना बत्तीस असलेले उतारू पोचताना एकोणपन्नास अधिक एक बकरी झाले होते.

कडुबा लक्ष्मण दाभाडे हे तेहेतीस वर्षं कन्नड–औरंगाबाद गाडीवर एसटीचे वाहक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांच्या पायांना अजून कुणी कळवलेली नाही. घरात ते चहा उभ्यानं पितात, एक पाय पुढं, एक मागं, जणू घर वेरूळच्या वळणावर आहे. दोन खोल्यांत पाव्हणे जास्त झाले की दारातून आवाज येतो, "चला चला, पुढं सरका, मधे लई जागा हाय, दारात कोण लोंबकळतंय?" आणि पाव्हणे सरकतातही. त्यांची नात मेघा, म्हणजे हे लिहिणारी, घरच्या प्रत्येक कार्यात या आवाजाची नक्कल करून टाळ्या घेते. कडुबांना राग येत नाही. ते एवढंच म्हणतात, "आवाज जमला. पण ‘मधे जागा हाय’ म्हणताना जागा खरंच हाय आसं वाटाय पायजे. तुझ्या बोलण्यात जागा दिसत नाय."

त्यांच्या बायकोचं, आवडाबाईंचं, दुखणं वेगळं होतं. लग्नाला कडुबांना दोन दिवसांची रजा मिळाली, तिसऱ्या दिवशी ड्यूटी. मग नवरी आणायची कशी? ड्यूटीवरच. गल्ले बोरगावच्या थांब्यावर आवडाबाई हळदीच्या अंगानं ट्रंक घेऊन चढल्या आणि नवरदेवानं त्यांचं तिकीट फाडलं, कारण कुटुंबाचा पास अजून यायचा होता. तिसऱ्या सीटवर खिडकीशी नवरी बसली, आणि शेजारी सासर येईपर्यंत कोंबड्यांचं डालगं बसून आलं. ते तिकीट आवडाबाईंनी अजून जपून ठेवलंय. प्रेमानं नाही, पुरावा म्हणून.

"छत्तीस वर्षांत माझ्याशेजारी कोंबड्या बसल्या, कांदे बसले, एकदा पोलीस बसला बेड्यातला चोर घेऊन," त्या सांगतात. "तुमी तेवढे ऱ्हायलात."

म्हणून यंदा मेघाला घेऊन एका यात्रा कंपनीबरोबर जैसलमेरला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. वाळवंट बघायच्या दिवशी, सकाळी हॉटेल सोडल्यापासून रात्री परत येईपर्यंत, कडुबांनी त्यांच्या शेजारी बसायचं. उठायचं नाही.

"बसतो," कडुबा म्हणाले.

"शब्द?"

"शब्द."

त्या सकाळी नऊ वाजता हॉटेलसमोर पांढरीशुभ्र बस उभी होती. पडदे, गार हवा, अत्तराचा वास. आवडाबाईंनी हट्टानं तिसरी सीट धरली. खिडकीशी त्या, मांडीवर शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा, आणि शेजारी, साक्षात, कडुबा. दोघंही समोर बघत होते, फोटोत बसल्यासारखे.

ड्रायव्हर खेताराम मिशीवाला, शांत माणूस. त्यानं गाडी सुरू केली आणि सोडली. तशीच.

"डबल कुणी दिली नाय," कडुबा पुटपुटले.

"बसा."

"आगं पण घंटी नाय, काय नाय, गाडी निघाली कशी?"

"इंजनावर निघाली. बसा."

गाईड तरुण होता, गळ्यात माईक आणि सगळं पाठ. "तो देखिए साहब," तो सुरात म्हणाला, "आपके राइट में रेत, आपके लेफ्ट में रेत, और सामने..."

"रेत," कडुबा म्हणाले. हॉटेलपासून अकरा मिनिटं झाली होती.

बाराव्या मिनिटाला रस्त्याच्या कडेला पिवळ्या पागोट्याचा एक म्हातारा हात वर करून उभा दिसला. पुढं काय झालं ते कडुबांनाही नीट सांगता येत नाही. त्यांचा डावा हात गेला आवडाबाईंच्या मांडीवरच्या डब्याकडं, उजवा गेला खिशातल्या घराच्या किल्लीकडं, आणि दोघांची गाठ पडली.

टण!

गाडी जागेवर उभी राहिली. खेतारामही आधी बारा वर्षं सरकारी गाडीवर होता. एका टणला थांबायचं आणि दोन टणला निघायचं, हे ज्ञान डोक्यात नसतं, पिंढरीत असतं.

"अंकल, ये क्या कर रहे हो?" गाईड ओरडला. "ये टूरिस्ट कोच है!"

"हात दिखाया ना उनो," कडुबा आपल्या खास कन्नडच्या हिंदीत म्हणाले. ते उभे होते. दारात होते. "हात दिखाया तो थांबना पडता. गाडी किसकी भी हो. चलो बाबा, चढो, दांडी पकडो."

खरं तर म्हातारा डोळ्यांवर ऊन येतंय म्हणून हात आडवा धरून बस बघत होता. पण दार उघडलेलं दिसल्यावर त्याला आठवलं की आपल्याला कुठंतरी जायचंय. तो चढला. कडुबांनी डब्यावर दोनदा किल्ली हाणली, टण टण, आणि गाडी निघाली.

तिथून दिवस हाताबाहेर गेला. वाळवंटात हात वर केलेली माणसं एवढी असतात हे कुठल्याच माहितीपत्रकात दिलेलं नाही. कुणी उंट हाकतंय, कुणी फोनला रेंज मिळावी म्हणून हात वर धरलाय, कुणी नुसतंच आळस देतंय. कडुबांना सगळे सारखे. हंडे घेतलेल्या दोन बाया चढल्या, ढोल घेतलेला एक ढोली चढला, शाळेचा मास्तर चढला. रस्त्यावर गावांच्या पाट्या नव्हत्या, तर कडुबांनी थांब्यांना नावं द्यायला सुरुवात केली. "बाभळ फाटा! उतरणारे हायेत का बाभळ फाटा? ... मोडका टँकर, विनंती थांबा!" एकानं पैसे पुढं केले, ते परत केले. तिकीट नाही तर पैसे नाहीत.

औरंगपुऱ्यात साड्यांचं दुकान असलेल्या मोनिकाताई मोबाइलवर व्हिडिओ काढत होत्या. त्यांच्या मांडीवर हंडा आला. "एक्स्क्यूज मी," त्या नाकातून म्हणाल्या, "आम्ही लक्झरीचं बुकिंग केलंय. याला काय म्हणायचं?"

"याला गर्दी म्हनायचं, ताई," कडुबा म्हणाले. "जरा आत सरका."

मोनिकाताई सरकल्या. त्या आवाजापुढं कुणाचं चालत नाही.

आणि तिसऱ्या सीटवरची आवडाबाईंशेजारची जागा? तिथं एक बाई बकरी घेऊन चढली, बाई खाली बसली आणि बकरी सीटवर. कडुबा धावत आले. "आवडा, उठवू का तिला?"

आवडाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तिनं शब्द दिलेला नाय, तरी बसली."

हे कडुबांना लागलं. पण तेवढ्यात पुढं कुणीतरी हात वर केला.

दुपारी कुलधरा आलं, ओसाड घरांचं गाव. गाईडनं आवाज खर्जात नेला. "दो सौ साल पहले की बात है... एक ही रात में... पूरा का पूरा गाँव... गायब!" भिंतींवरून वारा फिरत होता.

"कौनसी गाडी से?" कडुबांनी विचारलं.

"जी?"

"आख्खा गाँव गया ना? किस गाडी से गया?"

"अंकल, तब गाडी नहीं थी."

"बघा," कडुबा सगळ्यांकडं वळले. "गावात गाडी येत न्हवती. म्हनून गाव उठलं. एक मुक्कामी एसटी असती तर आज हितं हॉटेल दिसलं असतं." पिवळ्या पागोट्याच्या म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं, पण त्यानं जोरात मान हलवली. गाईडनं वहीत काहीतरी खोडलं.

कुलधऱ्यानंतर कळस झाला. एका रिसॉर्टच्या कमानीजवळ मिशीवाला, फेटेवाला एक उंचापुरा गडी हात वर करून हसत उभा होता. टण! कडुबा उतरले. "किधर जाना है?" गडी हसत राहिला. "ओ भाऊ, किधर?" बत्तीस अधिक सतरा माणसं काचेला नाक लावून बघत होती. कडुबांनी खांद्याला हात लावला तेव्हा तो प्लायवूडचा निघाला.

ते परत चढले, चेहरा कोरा. "उतारू नाय. पाटी हाय," त्यांनी जाहीर केलं. "पन थांबलो ते बरोबरच झालं. हात वर होता."

टण टण.

सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर बस पोचली तेव्हा सूर्य अर्धा बुडालेला. सगळे धावले. हंडेवाल्या बाया, ढोली, मास्तर, सगळे स्थानिक लोकही धावले. रोजचाच सूर्य, पण बसनं बघायला आलं की वेगळा दिसतो. आवडाबाई मात्र एका टेकडीवर सूर्याकडं पाठ करून बसल्या, मांडीवर डबा. डब्याच्या झाकणाला सतरा थांब्यांचे पोचे पडले होते.

कडुबा जवळ गेले. उभे राहिले. "आगं, बुडाला बघ."

"मी सूर्य बघाय आले न्हवते. कन्नडलाबी बुडतो रोज."

कडुबांनी चपलेनं वाळू उकरली. तेहेतीस वर्षांत त्यांनी एकही उतारू मधे सोडला नव्हता, आणि शब्द दिलेला एकच उतारू आज सकाळी त्यांनी बाराव्या मिनिटाला सोडला होता. हे त्यांना त्या वाळूत उभं राहून पहिल्यांदा कळलं. त्यांचा आवाज खाली आला. "परतीला बसतो. हॉटेलपर्यंत. मदी कुनी का हात दाखवंना."

आवडाबाईंनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. मेघा मात्र हसली. "आबा, तुमी दहा मिनिटं नाय बसणार."

"बसन."

"लावा पैज. बूड उचललं की तुमचा एसटीचा बिल्ला माझा."

"आनि न्हाय उचललं तर?"

"तर तुमी सांगाल ते."

कडुबांनी विचार केला. "तर महिनाभर कॉलेजला शहर बसनं उभ्यानं जायचं. सीट रिकामी आसली तरी."

"चालेल," मेघा म्हणाली, कारण ती पैज जिंकलेलीच होती. पंच म्हणून आवडाबाईंना नेमलं. त्यांनी फक्त डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

गावची माणसं तिथूनच आपापल्या वाटेनं गेली, बकरी जाताना मागं वळून बघत होती. बस बत्तीस माणसं घेऊन निघाली. बाहेर अंधारत होतं. कडुबा तिसऱ्या सीटवर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. पहिली दहा मिनिटं गेली. मेघा पाठीमागच्या सीटवरून त्यांच्याच आवाजात कुजबुजली, "बाभळ फाटा! उतरणारे हायेत का बाभळ फाटा?" कडुबांची मान ताठली, पण बूड हललं नाही.

आणि मग दिव्यांच्या उजेडात रिसॉर्टची कमान आली. मिशी, फेटा, वर केलेला हात.

घंटी कुणी दिली नाही. तरी गाडी थांबली.

खेतारामनं आरशात बघितलं. चूक झाली असं त्याच्या तोंडावर कुठंही नव्हतं. दिवसभर जे शिकवलं ते त्यानं केलं होतं. गाईडनं दार उघडलं, बाहेर वाकला आणि प्लायवूडच्या गड्याला चक्क मराठीत म्हणाला, "चला, पुढं सरका, मधे लई जागा हाय!"

गडी चढला नाही. दार बंद झालं. आणि गाडी उभीच.

कारण डबल कोण देणार? खेताराम वाट बघत होता. एक मिनिट गेलं. इंजिन घुरघुरत होतं. गार हवेत कडुबांच्या कपाळावर घाम आला.

"कंडक्टर साब," गाईड अदबीनं म्हणाला, "घंटी?"

"आबा, उठा की," मेघा म्हणाली. "गाडी खोळंबलीय. लोकांना जेवायचंय."

"अहो, द्या ना एकदाची!" मोनिकाताई मागून ओरडल्या.

कडुबांचा उजवा हात मांडीखालून अर्धा बाहेर आला. अर्धाच. त्यांनी आवडाबाईंकडं बघितलं. आवडाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग डब्याकडं. मग त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घालून किल्ली काढली.

टण टण.

गाडी निघाली.

छत्तीस वर्षं ऐकलेली डबल होती. हात जरासुद्धा चुकला नाही.

"दुसरी जरा हळू पडली," कडुबा म्हणाले.

"बसा गप."

ते बसलेच होते. थोड्या वेळानं त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. आयुष्यभर गाडीत उतारूंकडं बघत उभं राहिलेला माणूस. "आवडा," ते म्हणाले, "झाडं मागं पळत्यात गं."

"मला म्हाईत हाय," आवडाबाई म्हणाल्या, आणि खिडकीचा पडदा त्यांच्यासाठी आणखी थोडा सरकवला.

हॉटेल आलं. पंचांनी निकाल दिला. बूड उचललं नाही. किल्ली कुणी वाजवली हा मुद्दा मेघानं दोन दिवस लावून धरला, पण पैज बुडाची होती, किल्लीची नव्हती.

आता रोज सकाळी मेघा शहर बसनं कॉलेजला जाते, उभ्यानं, एक पाय पुढं, एक मागं. बस बहुतेक वेळा निम्मी रिकामी असते. परवा कंडक्टर वैतागला. "ओ ताई, आख्खी गाडी रिकामी हाय. बसा की कुठंबी."

"बसता येत नाय," मेघा म्हणाली. "अजून एकोणीस दिवस."