जोडेवाल्यांची मेणबत्ती

एकतीस वर्षं मी या चर्चची झाडलोट करतेय, गुडघ्यांची पार वाट लागली. आमच्या भिंतीत एकेका धंद्याचा कोनाडा आहे. लोहारांचा, लोकरवाल्यांचा, जोडेवाल्यांचा. कधीकाळी त्यांच्या संघांनी आपापले संत तिथं बसवले. संत अजून उभे आहेत, धंदे गेले. उरले होते एकटे जोडेवाले उस्ताद ग्वाल्तिएरो, वय ब्याऐंशी.

पंचवीस ऑक्टोबरला जोडेवाल्यांच्या संत क्रिस्पीनसमोर मेणबत्ती लावायची ती जोडे शिवणाऱ्यानंच, आणि लावताना म्हणायचं, "हात चालू आहेत." काम सोडलेल्यानं लावायची नाही. बाकीच्या कोनाड्यांतल्या मेणबत्त्या अशाच एकेक करून बंद पडल्या. ही मात्र उस्तादांनी त्रेचाळीस वर्षं लावली. मी आल्यापासून मेणबत्ती मीच आणून ठेवते.

यंदा एप्रिलात त्यांनी दुकानाला कुलूप घातलं. हात थरथरायला लागले होते. बोलले नाहीत कुणापाशी, पण मी रोज त्याच गल्लीतून येते, मला काय कळत नाही?

पंचवीस ऑक्टोबरला सकाळी नऊलाच चर्चमध्ये आले. चांगला कोट, आणि बोटं काळीभोर. जवळ आले तसा मला वास आला. दोऱ्याला लावतात त्या राळेचा नव्हे, बुटाच्या पॉलिशचा.

"उस्ताद, हे काय फासून आलात?"

"फासून कसलं? कामाचे हात आहेत."

"मला शेंड्या लावू नका!"

मटकन बाकावर बसले. "मग काय करू, पोरी? सगळ्यात शेवटी मीच दार लावलं, असं सांगू त्याला?" संताकडे मान वर करून बघेनात.

साठीच्या बाईला पोरी म्हणणारं माझं आता दुसरं कोण आहे? जीव तुटला माझा, आणि त्या रिवाजाचा संतापही आला. थकल्या माणसाला किती छळायचं ते! मी डावा बूट काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. उन्हाळ्यापासून पुढून तोंड वासून होता.

"हा शिवा. दहाला पाद्री येतील."

"सामान कुठाय?"

"खिशातून आरी-दोरा डोकावतोय, तो काय मिरवायला आणलात?"

मागच्या खोलीत हात धुवून, दोऱ्याला राळ चोळून बसले. चार टाक्यांना पाऊण तास लागला. तीनदा बोटात आरी घुसली, तीनदा शिव्या घातल्या. टाके वाकडेतिकडे आले. "असे टाके घालणाऱ्याला माझ्या बापानं हाकलून दिलं असतं," म्हणाले. "चल, उभी राहा. गिऱ्हाईक चालल्याशिवाय काम पुरं होत नाही."

मी उभी राहिले. आतली गाठ अंगठ्यात अशी रुतली की डोळ्यांत पाणी आलं. "झकास बसलाय," म्हटलं आणि दारापर्यंत जाऊन आले. ते माझ्या पायाकडे नाही, तोंडाकडे बघत होते.

दहाला पाद्री आले, पाच म्हाताऱ्या आल्या. तिसऱ्या काडीला मेणबत्ती लागली. "हात चालू आहेत," उस्ताद खणखणीत म्हणाले. बोटांवर राळ होती, थोडं रक्तही होतं.

बाहेर पायरीवर त्यांनी माझं कोपर धरलं. "अंगठ्याला टोचतंय ना?"

"हो."

"ठाऊक आहे मला." मग कोपर सोडलं. "पुढच्या वर्षी मेणबत्ती आणू नकोस, पोरी."

भांडायला हवं होतं मी. अंगात त्राणच नव्हतं.

"बरं," म्हटलं.