हलव्याला काटा येईना

मार्गशीर्षात माझं लग्न झालं आणि मी मनोरहून चिंचणीला आले. सत्यनारायणासाठी घातलेला मांडव अजून अंगणात तसाच होता. त्याचे खांब उपटायच्या आधीच सासूबाईंच्या डोक्यात संक्रांत सुरू झाली होती.

सासूबाई फार थोडं बोलायच्या. "भाजी जून निघाली." "दार लोटून घे." एवढंच. त्या खोलीत आल्या की मी उठून उभी राहायची. मी उभी राहिले की त्यांनाही काय करावं सुचायचं नाही, मग त्याही उभ्याच. माझी नणंद तेव्हा आठवीत होती. आमचा तो प्रकार बघून ती पुस्तकाआड तोंड लपवून हसत बसे.

तारापूरला तेव्हा अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. आमचे हे तिथे भांडारात कारकून होते. नाताळात साइटवरचे परदेशी इंजिनिअर सुट्टीवर गेले, काम मंदावलं, आणि यांनाही आठ-दहा दिवस घरी राहायला मिळालं. नणंदेच्या शाळेला सुट्टी. मामंजी पोस्टातून निवृत्त झालेले, त्यांना रोजचीच सुट्टी. असं सगळं घर एकदम घरात आलं आणि त्याच दिवशी सासूबाईंनी फळीवरून मोठी परात खाली काढली.

"सुनेची पहिली संक्रांत आहे," त्या म्हणाल्या. "दागिने मी घरी करणार."

दागिने म्हणजे हलव्याचे. पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवायची आणि साखरेच्या पांढऱ्या काटेरी दाण्यांचे दागिने घालून हळदीकुंकवाला बसवायची, ही रीत आमच्याकडेही होती. पण सहसा लोक हलवा विकत आणायचे, तयार दागिनेही मिळायचे. मामंजी तसं म्हणालेही. "पालघरला मिळतात की. उद्या सकाळी जाऊन घेऊन येतो."

"मिळतात ते मला माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि शेगडीत कोळसे भरायला लागल्या.

हलवा करणं म्हणजे बसून राहण्याचं काम. परातीत तीळ, खसखस, साबुदाणा असं काहीतरी घ्यायचं, परात मंद निखाऱ्यावर ठेवायची, वरून साखरेचा पाक थोडा थोडा सोडायचा आणि हाताच्या बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचं. दाण्यावर पाकाचा थर चढतो, वाळतो, मग पुन्हा थर. हवा थंड आणि कोरडी असली की त्या थराला बारीक बारीक काटे फुटतात. तो काटा आला तरच हलवा. नाही आला तर नुसत्या साखरेच्या गोळ्या.

सासूबाईंच्या गोळ्याच झाल्या. पहाटे उठून त्या अंगणात शेगडीपाशी बसत. त्या वर्षी थंडी धड पडली नव्हती. समुद्राकडून ओली हवा यायची, सकाळी सकाळी तुळशीच्या पानांवरून दव टपकायचं. पहिल्या दिवशी दाणे गुळगुळीत निघाले. दुसऱ्या दिवशी एकमेकांना चिकटले. तिसऱ्या दिवशी पुन्हा गुळगुळीत. मामंजींनी एक दाणा तळहातावर घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "पाण्याबरोबर घ्यायच्या का कोरड्याच? होमिओपॅथीच्या दिसतात."

हे हसले, नणंद हसली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांची बोटं लाल झाली होती. त्या उठल्या आणि मोरीवर जाऊन कितीतरी वेळ हातांवर पाणी घेत राहिल्या.

रोज मासे घेऊन येणारी मांगेलीण त्या दिवशी ओट्यावर टोपली टेकवून बसली होती. तिने परातीत डोकावून पाहिलं. "वैनी, दव पडला तं आमचा बोंबील सुकत नाय," ती म्हणाली. "तुमची साकर कशी सुकंल?"

का कोण जाणे, तिचं ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे मनोरला येतो काटा. आई दर वर्षी करते. तिकडची थंडी कोरडी असते."

बोलले आणि जीभ चावली. सासरी येऊन महिना झाला नव्हता, आणि मी माहेरचं कौतुक सांगत होते, तेही तीन दिवस बोटं भाजून घेतलेल्या बाईसमोर. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. सासूबाईंनी परात उचलून आत नेली. मी दिवसभर स्वयंपाकघरात भांडी पुन्हा पुन्हा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर परात जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेली, शेजारी चिकूंची टोपली आणि दोन नारळ, आणि सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून तयार.

"चल," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईकडे."

"आत्ता? कळवलं नाही काही."

"कळवलं तर पंचपक्वान्नं करत बसतील. मला हलवा करायचाय."

चिंचणीहून बोईसर, तिथून पालघर, पालघरहून मनोर. सगळा प्रवास त्या परात मांडीवर घेऊन बसल्या होत्या. एस.टी.च्या कंडक्टरने विचारलं, "मावशी, वर टाकू का ती?" तर म्हणाल्या, "नको, पोचा येईल." माझ्याशी वाटेत एकदाच बोलल्या. "तुझी आई तीळ वापरते की खसखस?" मी म्हटलं, "दोन्ही." त्यांनी मान हलवली.

माझ्या वडिलांचं मनोरच्या बाजारात छोटं किराणा दुकान होतं आणि मागे घर. आई मागच्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. विहीणबाईंना दारात बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. तिला वाटलं, मी काहीतरी मोठा गोंधळ करून ठेवलाय आणि मला परत आणून सोडलंय. तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग परातीकडे.

सासूबाईंनी चपला काढल्या. "काटा येत नाही हो विहीणबाई," त्या म्हणाल्या. "तीन वेळा केलं. मला शिकवा."

आईने घाईघाईने पाट मांडला. "अहो, तुम्ही पाटावर बसा. मी करून देते सगळं. सकाळपर्यंत..."

"मी बसायला नाही आले."

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती कोळशाच्या वासाने. मनोरला खरी थंडी होती. डोंगराकडून कोरडा वारा उतरायचा, ओठ फुटायचे. मी अंगावर घोंगडी घेऊन मागच्या दाराच्या आत उभी राहिले. बाहेर शेगडीच्या दोन बाजूंना दोघी बसल्या होत्या, डोक्यावरून पदर कानांमागे घट्ट खोचून. सासूबाई दाणे फिरवत होत्या, आई पाकाचं भांडं धरून होती.

सासूबाईंनी चमच्याने आणखी पाक सोडला. मग आई म्हणाली, "एक सांगू? रागावणार नाही ना?"

"रागवायला एवढ्या लांब कशाला येईन? ते घरीच उरकलं असतं."

आई हसली. "पाक जास्त पडतो तुमचा. चमचा ठेवा बाजूला. बोटं बुडवायची आणि शिंपडायचं. आणि लगेच हात नाही घालायचा, जरा दम धरायचा."

"दम धरणं मला जमत नाही."

"मला तरी कुठे जमतं? लग्नात किती रडले मी, पाहिलंत ना."

मग बोलणं माझ्यावर आलं. मी तिथे आहे हे त्यांना माहीत नव्हतं. आई म्हणाली, "पोरगी वाईट नाही हो माझी. पण सवयी आहेत एकेक. झोपेत बोलते."

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "परवा दुपारी डोळा लागला होता तिचा. झोपेत म्हणाली, आई, शेळी सुटली. मी म्हटलं, बांधली हो, झोप तू. तर झोपली."

आई इतकी हसली की पाकाचं भांडं तिला खाली ठेवावं लागलं. मी घोंगडीचं टोक तोंडात कोंबलं. मला हसायलाही येत होतं आणि रडायलाही. एवढे दिवस मला वाटत होतं, या बाईंचं माझ्याकडे लक्षच नाही.

तेवढ्यात सासूबाई एकदम परातीवर वाकल्या. "विहीणबाई," त्या हळूच म्हणाल्या, "आला का हो हा?"

आईने चिमूटभर दाणे उचलून पाहिले. "आला की. हा बघा, चांगला टोचतोय."

सासूबाईंनी एक दाणा दोन बोटांत धरून कितीतरी वेळ फिरवला. मग म्हणाल्या, "माझ्या पहिल्या संक्रांतीला घरात सुतक होतं. सासरे गेले होते. दुसऱ्या वर्षी कोणी विषय काढला नाही, पहिली संक्रांत तर होऊन गेली होती. आणि असली गोष्ट मागायची तरी कोणाकडे?" आईने नुसता पाक शिंपडला.

आम्ही मनोरला तीन दिवस राहिलो. दोघींचं लिंबाच्या रसावरून थोडं वाजलं. आईच्या मते पाकात दुधाचा हबका पुरे, सासूबाईंच्या मते लिंबू पिळल्याशिवाय दाणा पांढरा होत नाही. दोन्ही करून पाहिलं. मला विचाराल तर दोन्ही सारखेच झाले होते, पण कोणी मला विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी मला शेगडीपाशी बसवलं आणि माझीही बोटं भाजली.

हलव्याचे दोन डबे घट्ट बंद करून घरी आलो, तर अंगणात धूर. मामंजी, हे आणि नणंद मिळून उकडहंडी करत होते. हिवाळ्यातला तो आमच्या किनाऱ्याकडचा लाडका प्रकार. मडक्यात कंद, कोनफळ, रताळी, वालपापडी, ओल्या खोबऱ्याचं वाटण भरून मंद विस्तवावर शिजवायचं. विस्तव मंद ठेवायचं तिघांपैकी कोणाला सुचलं नव्हतं. तळाचा थर कोळसा झाला होता. सासूबाईंनी वरचं रताळं चाखलं.

"मीठ?"

"ते तुझ्यासाठी ठेवलंय," मामंजी म्हणाले.

आम्ही वरून मीठ भुरभुरवून ते सगळं संपवलं. मडकं खरवडून खाल्लं म्हटलं तरी चालेल.

मग दागिने. संध्याकाळच्या आत, उजेड असेपर्यंत, सगळे चटईवर गोल बसायचो. हलव्याच्या दाण्यात सुई जात नाही, दाणा फुटतो. म्हणून एकेक दाणा दोऱ्याच्या गाठीत अडकवायचा. नणंदेची बोटं बारीक, तिला हे छान जमायचं, पण चार दाणे अडकवले की पाचवा तिच्या तोंडात जायचा. बाजूबंद, कंबरपट्टा, बिंदी यांना खाली पुठ्ठा लागतो. मामंजींनी आमच्या उरलेल्या लग्नपत्रिका काढल्या. जाड कागद, वर सोनेरी गणपती. गणपती त्यांनी बाजूला कापून ठेवले आणि बाकीच्याचे सुबक तुकडे केले. हे खळीने दाणे चिकटवत. यांच्या हातून माझी नथ तीनदा मोडली. चौथ्यांदा झाली ती जरा मोठी झाली, भाजीतल्या फरसबीएवढी. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. त्याने केलीय."

संक्रांतीला दुपारी मला चंद्रकळा नेसवली. सासूबाईंनी स्वतः एकेक दागिना चढवला. बाजूबंदाची गाठ मारताना मी सवयीने उभी राहायला गेले, तर खांदा दाबून म्हणाल्या, "बस गं. किती उभी राहशील?" आई मनोरहून आली होती. ती मागे उभी राहून वेणीतल्या हलव्याच्या माळा नीट करत होती. दोघी माझ्या डोक्यावरून एकमेकींना सूचना देत होत्या.

आळीतल्या बायका आल्या, तिळगूळ झाला, वाण लुटून झालं. मांगेलीणही लुगडं बदलून आली होती. मला बघून गालावर हात ठेवून म्हणाली, "बाय, तू तं मिठागरासारकी चमकतेस." सगळ्या हसल्या. लहान मुलं दबकत दबकत जवळ यायची, त्यांचं सगळं लक्ष कंबरपट्ट्याकडे. सूर्य कलायला लागला तसे दागिने ओलावले. मान चिकट झाली, मुंग्यांची एक रांग ओट्यावरून माझ्या पदरापर्यंत आली. मग सासूबाईंनीच परवानगी दिली, "घ्या रे." पोरांनी मला पाच मिनिटांत ओरबाडून काढलं. नथ तेवढी मी आधीच काढून घेतली होती. ती यांच्यासमोर खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई परत निघणार होती. सासूबाई म्हणाल्या, "समुद्र पाहिलात का तुम्ही कधी?"

आईने पाहिला नव्हता. जन्म मनोरला आणि आसपासच गेलेला. दुकान, घर, पोरं. समुद्र तासादोन तासांवर असून जायचं काही कारणच पडलं नव्हतं.

"मग दुपारच्या गाडीने जा."

आम्ही तिघी सुरूच्या झाडांमधून खाली उतरलो. ओहोटी संपून पाणी वर येत होतं. आई वाळूवर थबकली. लुगडं घोट्याच्या वर धरून जरा वेळ नुसती बघत राहिली. एक लाट पावलांवरून जाऊन परतली, तशी ती दचकून मागे सरली.

"विहीणबाई, हे रोज असं येतं-जातं?"

"रोज. दोनदा."

"आणि तुम्ही रोज बघता?"

"कुठलं! आज वर्षाने आलेय," सासूबाई म्हणाल्या. पुढची लाट आली तेव्हा पायाखालची वाळू सरकली आणि आई डगमगली. सासूबाईंनी तिचा हात घट्ट धरला, आणि दोघी गुडघ्याएवढ्या पाण्यात शिरल्या. मी काठावर दोघींच्या चपला सांभाळत उभी होते.